सायकलीचा रंग

शाहूपुरीत आमच्या ऑफिससमोर ती सुया, बिब्बे आणि काळे मणी विकायची. तिच्या भटक्या जमातीची पालं उचगावच्या वाटेला होती. शहरात चोरी झाली की पोलीस तिथूनच माणसं उचलायचे. त्यांच्या जमातीला जन्मजात गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा गेला होता, पोलिसांची सवय गेली नव्हती. मग तिनंच रीत पाडली. एकाला धरलं की म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळी पालं चौकीच्या अंगणात जाऊन बसायची. "धरायचं तर समद्यांस्नी धरा की," एवढंच ती म्हणायची आणि वाकळ शिवायला घ्यायची.

एकदा माझी सायकल चोरीला गेली. हवालदारानं मला न विचारता संशयिताच्या रकान्यात त्यांच्या जमातीचं नाव लिहिलं. मी खाली सही केली.

दुसऱ्या दिवशी चौकीत गेलो, तर अंगणात सगळी बसलेली. तिनं मला ओळखलं. सुईत दोरा ओवत म्हणाली, "पावणं, सायकल कंच्या रंगाची हाय? आमी बी हुडकतो की."

"हिरवी," मी म्हणालो.

आत जाऊन ते नाव खोडायला सांगायचं होतं. मी फक्त सायकल मिळाली का विचारलं, आणि मागच्या दारानं बाहेर पडलो.