सासरचं नेट

जुने चार्जर कोणी मुद्दाम जमवत नाही, तरी प्रत्येक घरात त्यांनी भरलेला एक ड्रॉवर असतोच. आमच्या घरातल्या किश्श्यांचं तसंच आहे. एक काढायला जावं तर चार गुंतून बाहेर येतात. मैत्रिणी म्हणतात, "गौरी, तू हे रचून सांगतेस." अगं, रचायला वेळ कुठे आहे? मी नोकरी करते!

आणि सगळा घोळ त्या नोकरीचाच होता. नवी कंपनी हैदराबादची. तिथल्या मॅडम म्हणाल्या, "तीन महिने पुण्यातून काम करून बघ. नेट नीट चाललं तर कायम घरून. सारखं तुटायला लागलं तर मात्र इकडे यावं लागेल." म्हणजे मी हैदराबादला, निखिल त्याच्या कारखान्यामुळे पुण्यात, आणि पहिलीतली आमची इरा रोज रात्री फोनवर रडणार. 

आणि हे सगळं कोणाच्या हातात? वारज्याच्या फ्लॅटमध्ये दिवसभर माझ्यासोबत असणाऱ्या सासू-सासऱ्यांच्या!

* * *

आईंना, म्हणजे सासूबाईंना, विणकामाचा नाद. आमच्याकडे टीव्हीला झाकण, मिक्सरला झाकण, रिमोटला पिशवी. राऊटर आला त्याच आठवड्यात त्यालाही निळ्या लोकरीचा स्वेटर आला. अँटेनांसाठी चार बाह्या!

पहिल्याच मोठ्या मीटिंगमध्ये नेट गेलं. मी धावत हॉलमध्ये आले, तर आई आधीच राऊटरपाशी उभ्या. कपाळाला लावतात तसा उलटा हात लावून बघत होत्या.

"तापलाय गं," त्या काळजीनं म्हणाल्या.

"आई, त्याचा स्वेटर काढा आधी!"

त्यांनी एकेक बाही हळूच सोडवली. "काढते बाई. पण थंडीत परत घालीन हं!"

* * *

आप्पा, म्हणजे सासरे, गणिताचे निवृत्त शिक्षक. खोलीतून माणूस बाहेर पडला की खोलीतलं प्रत्येक बटण बंद झालंच पाहिजे, हा त्यांचा आयुष्यभराचा नेम.

एकदा मी आतल्या खोलीत बोलत होते आणि समोरचे सगळे चेहरे गोठले. बाहेर येऊन बघते तर राऊटर बंद.

"आप्पा, हे कोणी बंद केलं?"

"मी. हॉलमध्ये कोणी नव्हतं."

"अहो, पण मी आत वापरत होते ना!"

"मग तुझ्या खोलीतलं बटण चालूच ठेवलंय की!"

 मी बटणावर जाड चिकटपट्टी लावली. आप्पांनी ती पाहिली, मान हलवली आणि मग मात्र कधी हात लावला नाही.

* * *

मालिका ही आईंची दुपारची सोबत. आता त्या नेटवरून बघतात, आणि शीर्षकगीत पुढे ढकलायचं बटण दाबू देत नाहीत. "एवढं मन लावून गायलीय ती, आणि आपण पुढं पळायचं?"

माझ्या कामाच्या वेळी नेट अडखळायला लागलं तेव्हा मी त्यांना विनवलं, "आई, माझी मीटिंग असेल तेव्हा टीव्ही नको." त्यांनी लगेच कबूल केलं. तरी अडखळणं काही थांबेना. शेवटी एकदा हॉलमध्ये डोकावले. पडद्यावर एक बाई ओक्साबोक्शी रडतेय, आवाजाचा पत्ता नाही, आणि आई तिच्या ओठांकडे बघत डोळे पुसतायत!

"आई! नेट लागतं त्याला!"

"आवाज बंद केलाय ना मी. मग नेट कशाला लागेल?"

* * *

निखिलनं बोलणारा स्पीकर आणला. नावानं हाक मारली की एका बाईच्या आवाजात उत्तर देतो. आप्पांची पंचाईत झाली. "परक्या बाईला एकेरी नावानं कशी हाक मारायची?"

मग त्यांनी आपली नेहमीची हाक वापरली. "अगं, ऐकलंस का? आज पाऊस पडेल का?"

स्पीकर गप्प. स्वयंपाकघरातून आई म्हणाल्या, "पडेल. छत्री न्या."

निखिलनं रीतसर नावानं हाक मारून विचारलं, तेव्हा स्पीकरनं सांगितलं की दिवसभर आकाश निरभ्र राहील. आप्पा त्याच्यावर विसंबून मंडईत गेले आणि चिंब भिजून आले. तेव्हापासून स्पीकरला आमच्याकडे फक्त भजनं लावायचं काम आहे.

* * *

एकदा मी पडद्यावर आकडे मांडून मॅडमना समजावत होते. मागून खाकरल्याचा आवाज आला. पाहते तर चष्मा कपाळावर घेतलेले आप्पा.

"तिसऱ्या ओळीतली टक्केवारी चुकलीय."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं! टक्केवारी खरोखरच चुकली होती. पण मॅडमच्या कपाळाला आठी पडली. "गौरी, घरी हे असं रोज असतं का?" मी "नाही, नाही" म्हणाले आणि रात्रभर हैदराबाद डोळ्यांसमोर दिसत राहिलं.

* * *

त्यातच एका आठवड्यात नेट सारखं जायला लागलं. मी रडकुंडीला आले. तक्रार करायचं काम आप्पांनी आपल्याकडे घेतलं. माणूस आला, काहीतरी करून गेला, आणि कंपनीतून एका मुलीचा फोन आला. "सर, आमच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल?"

"अडीच."

"सर, प्लीज पाच द्या ना!"

"अख्ख्या नोकरीत मी कोणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत. अडीच."

"सर, अडीच घेतच नाही सिस्टिम."

"मग दोन. सुधारणेला वाव आहे, असं लिहा."

दुसऱ्याच दिवशी कंपनीचे मोठे साहेब घरी हजर! त्यांनी अख्खी वायर बदलून दिली. त्यानंतर नेट असं चाललं की मला पहिल्यांदा वाटलं, टिकतोय आपण इथे. त्या दिवशी जाताना साहेबांनी आशेनं विचारलं होतं, "आता किती, सर?"

"तीन. वर्षभर बघू."

* * *

शेवटची मीटिंग होती त्या दिवशी निकाल लागणार होता. अकराची वेळ. आणि सकाळीच गल्लीत रस्ता खोदायला माणसं आली! आमच्याकडे रस्ता खोदला की अर्ध्या वस्तीचं नेट जातं, हे शेंबडं पोरही सांगेल. 

आप्पांनी एवढंच विचारलं, "किती वेळ चालेल तुझं?"

"तासभर."

त्यांनी घडीची खुर्ची उचलली, वर्तमानपत्र घेतलं आणि खाली गेले. गॅलरीतून बघते तर झाडाखाली, बरोबर खुणा केलेल्या जागी, खुर्ची टाकून बसलेले!

मुकादम म्हणाला, "काका, बाजूला व्हा. इथं खोदायचं हाय."

"खोदा की. पण बारा वाजल्यानंतर."

"आवं, पण का?"

"तुम्ही आत्ता खोदलंत, तर माझी सून हैदराबादला जाईल."

मुकादम हादरला. "खड्ड्याचा अन् सुनंचा काय संबंध?"

"बसा. सांगतो."

आणि तो खरंच बसला! आईंनी सगळ्यांसाठी चहा नेला.  या माणसानं मला आजवर एकदाही तोंडावर 'छान' म्हटलेलं नाही. आणि माझ्यासाठी रस्त्यात खुर्ची टाकून बसले होते.

मीटिंग सुरळीत झाली. एकदाही चित्र गोठलं नाही, आणि आज मागून कोणी खाकरलंही नाही. शेवटी मॅडम हसून म्हणाल्या, "गौरी, कायम घरून काम कर." तीन महिन्यांत पहिल्यांदा मी मोकळा श्वास घेतला. इतकं हायसं वाटलं की तिथेच टेबलावर डोकं टेकून मनसोक्त रडले. मग गॅलरीत धावले. "आप्पा, झालं! कायम घरून!"

आप्पांनी वर्तमानपत्राची घडी घातली, खुर्ची मिटली आणि मुकादमाला म्हणाले, "चला, आता खोदा."

त्यांनी दुपारभर खोदलं. नेट मिनिटभरही गेलं नाही.

संध्याकाळी आप्पा जरा नाराजच होते. "एवढं खोदलं, तरी नेट कसं नाही गेलं?"

आई वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होत्या. "जाईल कसं? अहो, आपली वायर जमिनीतून येतच नाही. समोरच्या गच्चीवरून, झाडातून येते. मी रोज तिच्याखाली कपडे वाळत घालते."

 आप्पा ताठ मानेनं म्हणाले, "मग? मीही झाडाखालीच बसलो होतो!" आणि फिरायला निघून गेले.

मी आईंच्या शेजारी जाऊन बसले. "आई, तुम्हाला माहीत होतं, तर त्यांना सकाळीच का नाही सांगितलंत?"

आईंनी आप्पांचा सदरा झटकला.

"सकाळी सांगितलं असतं, तर मीटिंगभर घरात बसले नसते का?"