खड्ड्यातली फांदी

रुंद केलेल्या हायवेवर माझ्या पुढचा टेम्पो धाडकन खड्ड्यात आदळला. ड्रायव्हर उतरला आणि रस्त्याच्या कडेला काहीतरी शोधू लागला. मागून येणाऱ्याला कळावं म्हणून खड्ड्यात झाडाची फांदी खोचून ठेवायची, ही आमच्याकडची जुनी रीत. पण फांदी आणायची कुठून? दोन्हीकडचे वड रुंदीकरणात गेले. "थोडी कळ काढा, रस्ता लोण्यासारखा होईल," असं आम्हाला सांगितलं होतं, आणि मीसुद्धा मान डोलावली होती.

"झाडं नेली, रस्ता काय दिला नाही, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. मग त्याने कडेची ‘गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही पाटी उपटली आणि खड्ड्यात उभी केली. इतक्या वर्षांत ती पाटी पहिल्यांदाच कुणाच्या तरी उपयोगी पडली.