आगीतून फुफ्फुसात

गल्लीत तिला सगळे वेलांटीबाई म्हणतात. नाव पाठीमागे ठेवलेलं, पण तोंडावर कोणी म्हटलं तरी तिची हरकत नसते. तीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली. पाठ्यपुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, कोर्टाच्या नोटिसा, सगळं तिच्या लाल पेनाखालून गेलं. मालक म्हणायचे, "या बाईंच्या तावडीतून अनुस्वारसुद्धा सुटत नाही." ते खरंच होतं.

निवृत्तीनंतर माणसं गुडघ्यांच्या तक्रारी सांगत बसतात. हिने ब्लॉग काढला. नाव 'शुद्धिपत्र'. वॉर्डाची निवडणूक लागली की उमेदवार जे जे छापतील ते ती गोळा करायची, जागेवर जाऊन पडताळायची आणि पुस्तकाच्या शेवटी असतं त्याच थाटात लिहायची. 'छापले आहे: सभेला पाच हजारांची गर्दी. वाचावे: खुर्च्या चारशे, त्यातल्या साठ रिकाम्या.' एवढंच. शिवी नाही, टोमणा नाही. पण उमेदवारांना ते मिरची लागल्यासारखं झोंबायचं, आणि लोक सकाळी चहाआधी ते वाचायचे.

यंदा सामना दोघांत होता. छत्री चिन्हावर एका शाळेच्या मुख्याध्यापिका, शिडी चिन्हावर एक नळ दुरुस्त करणारा. छत्रीवाल्यांच्या प्रचाराचा सगळा मजकूर वेलांटीबाईची धाकटी बहीण लिहीत होती. बाईने पहिल्याच दिवशी तिला बजावलं होतं, "नातं घरात. ब्लॉगवर तू मला कोणी नाहीस." धाकटी हसली होती. "ताई, मी चुका करतच नाही."

मतदानाला चार दिवस उरले असताना दारांखालून एक निनावी पत्रक आलं. 'मुख्याध्यापिकेने जन्मदात्या आईला घराबाहेर काढले,' असं त्यात होतं. खाली सही 'एक त्रस्त नागरिक'. वास्तविक ती म्हातारी रोज मुलीच्याच घराच्या गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करायची, अख्खी गल्ली तिला ओळखायची. मग काय, लोक भडकले. "इतक्या खालच्या थराला गेले शिडीवाले?" दोन दिवसांत वारं फिरलं. ज्यांचं मत अजून ठरलं नव्हतं तेही छत्रीकडे झुकले.

नळवाला हातातली पिशवी सांभाळत बाईच्या दारात उभा राहिला. मागच्याच महिन्यात बाईने त्याचा गर्दीचा खोटा फोटो उघडा पाडला होता. तरी आला. "बाई, ते मी नाही केलं. लोक मला नळाला हात लावू देत नाहीत आता. तुम्ही लिहिलंत तर पटेल त्यांना."

"पुरावा असेल तर लिहीन, दया म्हणून नाही," बाई म्हणाली आणि तो गेल्यावर पत्रक घेऊन खिडकीशी बसली.

तिसऱ्या परिच्छेदात तिचं पेन थांबलं. 'अशा बाईंना निवडून द्याल तर आपला वॉर्ड आगीतून फुफ्फुसात जाईल.'

गल्ली या वाक्यावर दोन दिवस हसत होती. शिडीवाल्यांना साधा फुफाटा लिहिता येत नाही म्हणून. बाईला हसू आलं नाही. धाकटी पाच वर्षांची असताना फुफाटा तिला उच्चारता येईना, म्हणून तिने फुफ्फुस केलं होतं. बाबांना ते इतकं आवडलं की घरात तेच रूढ झालं. बाईने एकदा परीक्षेत तसं लिहून गुणही घालवले होते. जगात हा वाक्प्रचार एकाच घरात होता.

तिला धाकटीचा राग आला, आणि त्याहून जास्त वाईट वाटलं. पण काय करायचं याबद्दल तिच्या मनात किंतु नव्हता. मुद्रित लेखकाला दाखवल्याशिवाय छपाईला जात नाही, हा छापखान्याचा नियम ती ब्लॉगवरही पाळायची. तिने पेन्सिलीने चार ओळी लिहिल्या आणि भर दुपारी बहिणीचं घर गाठलं.

धाकटीने पत्रकावर नजर टाकली. "यात माझा काय संबंध?"

"तिसरा परिच्छेद वाच."

तिने वाचलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "कोणीही लिहील असं. पुरावा काय?"

"घरात चौघं होतो. आई-बाबा गेले. उरलो आपण दोघी, आणि मी हे लिहिलेलं नाही."

धाकटीने पत्रकाची घडी घातली. मग म्हणाली, "मॅडमना माहीत नाही. त्या हरत होत्या गं. चांगली बाई हरत होती. मी म्हटलं, सहानुभूती मिळाली तर..."

"आणि तो नळवाला?"

"ताई, हे छापलंस तर मला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. माझ्यासाठी एवढं एक सोडून दे."

"तुझ्यासाठी सोडलं तर आजवर जे लिहिलं त्यातलं काय उरलं? आईने हे केलं असतं तरी लिहिलं असतं." बाईचा आवाज स्वच्छ होता. कागद तिने पुढे सरकवला. "चुकीचं काही असेल तर सांग."

धाकटीने कागद डोळ्यांशी धरला. 'छापले आहे: एक त्रस्त नागरिक. वाचावे: माझी सख्खी धाकटी बहिण.' तिने पुन्हा वाचलं. मग हात पुढे करून ताईच्या हातातली पेन्सिल घेतली, शेवटच्या शब्दातली ऱ्हस्व वेलांटी खोडली आणि दीर्घ काढली.

"छापायचंच आहे ना," ती म्हणाली, "मग बहीण तरी नीट लिही."