एका नावाचे दहा देशमुख

ऐका, पण चहा आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हे सांगताना एकाच्या नाकातून आला होता.

मी अमरावतीत एका ऑफिसात एक्सेलचे मॅक्रो लिहितो. म्हणजे बटण दाबायचं, काम संगणकाने करायचं आणि आपण खुर्चीत रेलून शहाणं दिसायचं. त्याच शहाणपणापायी आमच्या देशमुखांच्या उपवर परिचय मेळाव्याचं पुस्तक माझ्या गळ्यात पडलं. पडलं कसलं, मीच गळा पुढे केला. मी स्वतः उपवर होतो ना! वय तेहतीस, मेळावा चौथा. यंदा अकोल्याच्या एका घरून आईला फोन आला होता, पोराचं पान पाहतो, मग मेळाव्यातच बोलू. आईने त्याच दिवशी नवी साडी काढून ठेवली.

मॅक्रो सोपा होता. एकेक फॉर्म उचलायचा, नाव-आडनावाने फाइल सेव्ह करायची, सगळं छापखान्यात धाडायचं. पण चालवला की थांबून विचारायचा, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवू का? पुन्हा तेच. पुन्हा तेच. माझं डोकं फिरलं.

शेजारी समितीचे अध्यक्ष नानाजी बसले होते. "हे घडीघडी काय इचारून राहिलं रे?"

"काही नाही नानाजी, उगाच भेते ते. तोंडच बंद करतो त्याचं."

आणि केलं. एक ओळ असते. ती लिहिली की संगणक काही विचारत नाही, तुमचा होकार धरूनच चालतो. दोन मिनिटांत काम फत्ते.

आता मला सांगा, वऱ्हाडातल्या देशमुखांच्या मेळाव्यात एका नावाचा एकच माणूस असतो का कधी? पूजा देशमुखच सात होत्या. प्रत्येक नवी पूजा आधीच्या पूजेला पुसून तिच्या जागी बसली.

पुस्तक छापून आलं. नानाजींनी हातात तोललं. "यंदा पातळ काहून हाय?"

"कागद बारीक हाय," मी न उघडताच ठोकून दिलं.

मेळाव्यात चांदूर बाजारचे एक काका पुस्तक फडकावत आले. "नाव माह्या पोरीचं, अन् बाप म्हून हा नांदगावचा कोण हाय?"

मग काय, बोंबच उठली. मी घाईघाईने माझं पान काढलं. नाव माझंच, निलेश देशमुख. पण माणूस भलताच: अकोल्याचा, इंजिनिअर, आणि डोक्यावर भरपूर केस.

तोवर आईला फोन केलेले ते मुलीकडचे हेच पान घेऊन माझ्या समोरून गेले आणि त्या निलेशपाशी बसले. सांगायला मी दोनदा उठलो. पण मुलगी त्याच्याकडे बघून हसत होती. खूप वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? दुपारपर्यंत त्यांचं जमलंसुद्धा.

मुलीचे वडील पेढे घेऊन मला शोधत आले. "पुस्तक तुमीच केलं ना? लोकं काही म्हणोत, आमचं त तुमच्यानंच जुळलं. अन् एवढ्या हुशार पोराचं लग्न झालं नाही अजून? पुस्तकात त दिसले नाही तुमी."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नव्या साडीतली आई म्हणाली, "कसा दिसन? सोताच्या हातानं पुसलं त्यानं सोताले."