स्वामींचे हात

पेंटरकाका माणसाचं तोंड शेवटी बघत, आधी हात. मंगळवार पेठेतल्या त्यांच्या खोलीत मठांच्या स्वामींची चित्रं भिंतीला टेकून उभी असत. मी शेजारची. शाळेतून येताना तिथे थांबायची. ते मला कधी बोलायला लावत नसत, म्हणूनच थांबायची.

आमच्या इंग्रजी शाळेत एका बिशपचं मोठं चित्र होतं. बोटात मोठी अंगठी, हातात मिटलेलं पुस्तक आणि त्यात अडकवलेलं एक बोट, असं मी त्यांना एकदा सांगितलं. काका हसले. "म्हंजे वाचता वाचता कुणीतरी भेटायला आलंय, आणि ह्यो उठला न्हाय. मोठेपणा तिथं हाय बघ. अंगठी काय, कुणीबी घालतंय."

नेसरीकडच्या एका मठाच्या स्वामींचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा मी चौदा वर्षांची होते. स्वामी चेहऱ्यापुरते दोनदा बसले. त्यांचे हात नांगर धरून वाढलेले, गाठाळ. मठाच्या कारभाऱ्यांनी बजावलं होतं, हात गादीवर बसणाऱ्याचे दिसले पाहिजेत.

"तुजं हात दे की चार दिवस," काका मला म्हणाले. "घरात सांगू नगंस."

मी लोडावर हात टाकून बसले. "सैल सोड. तुला काय काम न्हाय. लोकं थांबतील," ते म्हणत.

कारभारी चित्र न्यायला आले तेव्हा मी तिथेच होते. आधी ते समाधानाने बघत राहिले. मग वाकले. चित्रातल्या हाताच्या मधल्या बोटावर, टाक धरून पडतो तसा घट्टा होता. काकांनी दिसलं ते काढलं होतं.

"पेंटर, स्वामींना सहीसुद्धा येत नाही. हा हात कुणाचा? आणि मनगट हे एवढंसं. बाईमाणसाचा की काय?"

काका ब्रश पुसत राहिले. कारभाऱ्यांची नजर खोलीभर फिरून माझ्यावर आली. मी हात दप्तराखाली घातले. घरी कळलं असतं तर माझी शाळा त्याच दिवशी बंद झाली असती. काकांना ते ठाऊक होतं.

"नाव सांगा. चित्र शुद्ध करून घेऊ आणि नेऊ. नाहीतर आमचाच काय, कुठल्याच मठाचा उंबरा तुम्हाला नाही."

"न्हाय सांगत. ऱ्हाऊ द्या चित्र."

मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही, कारभारी गेल्यावरही नाही.

पुढे काका शाहूपुरीत दुकानांच्या पाट्या रंगवू लागले. एकदा शिडीवर दिसले. मी खाली थांबले. काय बोलायचं ते कधीचं ठरवून ठेवलं होतं. त्यांनी वरूनच म्हटलं, "जा पोरी, घरात वाट बघत असतील."

मी गेले.