ताईच्या गाडीखालचं तेल

फोन शालूताईच्या नंबरवरून आला, म्हणून मी हसतच उचलला. पलीकडे तिच्या डब्यांच्या स्वयंपाकघरात काम करणारी रेश्मा रडत होती. कोथिंबीर निवडता निवडता ताई खुर्चीतच कलंडली होती. हमरियातल्या माझ्या कंपनीतून मी करामाला तिच्याकडे पोचेपर्यंत सगळं संपलं होतं... याला आता काही आठवडे झाले. पण डोळे मिटले की दिसते ती गाडीखाली आडवी झालेली माझी मोठी बहीण.

गाडी भाऊजींची. जुनी, लांबलचक अमेरिकन स्टेशन वॅगन, एका अरबी शेजाऱ्याकडून हौसेनं घेतलेली. भाऊजी गेले आणि वर्षभरात ती मागून तेल गाळू लागली. पार्किंगमध्ये काळं थारोळं साचायचं. वॉचमननं बजावलं, "दीदी, गाड़ी हटाओ, नहीं तो म्युनिसिपालिटीवाले उठा ले जाएंगे." त्याच दिवसांत तिचा मुलगा निखिल टोरांटोहून रोज फोन करायचा, "आई, सेल द कार. क्लोज द किचन. कम हिअर." ताईला या तिन्ही गोष्टी एकच वाटायच्या. गाडी गेली की आपलंही इथलं संपलं, असं तिच्या मनानं घेतलं होतं.

एक दिवस तिचा फोन आला, "तुमच्या कंपनीची शेड शुक्रवारी सुट्टीला रिकामी असते ना? झाकण मागवलंय." मागच्या चाकांच्या मधोमध भोपळ्यासारखा एक लोखंडी डबा असतो, डिफरन्शियल. इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारी दातेरी चक्रं त्यात तेलात बुडालेली असतात. त्याचं झाकण वाकलं होतं आणि गळती तिथूनच होती.

जॅकवर भरवसा नको म्हणून आम्ही खाली स्टँड लावले. मी पाना घेऊन सरसावलो, तशी ताई म्हणाली, "थांब. आधी तेल भरायचं बूच सुटतंय का बघ. सगळं तेल काढलंस आणि बूच अडकलं, तर नवीन भरशील कुठून?" बूच सुटलं. मग खालचे बोल्ट सैल केले आणि तेल ट्रेमध्ये ओघळलं. काय तो वास! ताईनं नाकाला पदर लावला, "शी! बोंबील बरे यापेक्षा." झाकण निघालं. बोल्टांच्या भोकांपाशी पत्रा आत दबलेला. भाऊजींनीच कधीतरी करकचून आवळले असणार. "लोणच्याच्या बरण्याही असंच आवळायचे रे," ती हसायला लागली, "मग आम्ही बसायचो त्या उघडत..." आणि हसता हसता तिनं तेलकट मनगटानंच डोळे पुसले.

जुना चिकटा खरवडायला ताई स्वतःच गाडीखाली आडवी झाली, त्यात दुपार गेली. नव्या झाकणाला तिनं सीलंटची धार करंजीच्या कडेसारखी एकसारखी फिरवली. मी म्हटलं, "यल्ला, चल, आता तेल भरू." तिनं मला अडवलं, "हे पिठासारखंच. मुरू दे." गाडी रात्रभर शेडमध्येच ठेवली.

दुसऱ्या दिवशी तेल भरलं आणि चाचणी म्हणून ती मला थेट रास अल खैमाला घेऊन गेली. डोंगर दिसायला लागल्यावर भाऊजींच्या आवडीचं एक नाट्यगीत बेसूर गुणगुणत होती. परत आल्यावर गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी निखिलला व्हिडिओ कॉल लावून फोन थेट गाडीखाली धरला, "बघ. थेंब नाही."

त्यानं स्क्रीन जवळ घेऊन वर्तमानपत्र नीट पाहिलं. मग तो म्हणाला, "ओके, आई. स्टे." त्यानंतर त्यानं गाडी विकायचा विषय काढला नाही. ती पुढची कितीतरी वर्षं त्याच गाडीतून डबे पोचवत राहिली.

अंत्यविधीला निखिल आला. सगळं आटोपल्यावर म्हणाला, "मामा, लेट्स टेक हर कार आउट." ताई बुटकी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली. हा सहा फुटी मुलगा कसाबसा आत शिरला. गुडघे स्टिअरिंगला टेकत होते. मी म्हटलं, "अरे, सीट मागे घे." त्यानं हात खाली नेला, खटका चाचपला... आणि हात परत काढून घेतला.

"नॉट टुडे, मामा," तो म्हणाला, आणि तसाच अंग चोरून गाडी चालवू लागला.