मंदामावशीच्या ओट्यावरून काकूचा फोटो

लोक लडाखला जातात, मी मुलुंडहून चारकोपला गेले. हसू नका. शनिवारी दुपारी पवईच्या रस्त्यावर रिक्षात बसून दाखवा, मग बोलू.

झालं असं की काकूचा फोन आला. काकू मूळची मालवणची, आणि काका गेल्यापासून चारकोपच्या बैठ्या घरात एकटीच. आता ती अख्खी गल्ली रीडेव्हलपमेंटला जातेय. सोमवारी चावी द्यायची आणि काकूने भांडुपला मुलाकडे जायचं. "घर पाडूच्या आदी माझो एक फोटो काढ," ती म्हणाली. "मी दारात बसतंय. आणि काकाच्या त्या नळकांड्यानच काढ."

नळकांडं म्हणजे काकाची १३५ मिलिमीटरची लांबुळकी लेन्स, रीळवाल्या कॅमेऱ्याच्या जमान्यातली. घरात कॅमेऱ्याचं खूळ फक्त मला, म्हणून ती माझ्या कपाटात येऊन पडली होती. मी म्हटलं, "अगं काकू, मोबाइलवर झकास येतो हल्ली."

"गप रव! तुझ्या काकान अख्ख्या गल्लीचे फोटो काढल्यान. माझो काढा म्हटलंय की, रीळ संपलो! आता कसो संपता तो बघतंय."

निघाले. पहिला मुक्काम अंधेरी, कारण जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही, मध्ये धातूची एक रिंग लागते. मुलुंड ते अंधेरी रिक्षाने चारशेच्या आसपास जातात आणि कंबर जाते ती वेगळीच. वेळ असेल तर बसने जा, डोकं असेल तर सकाळी जा. माझ्याकडे दोन्ही नव्हतं.

दुकानदाराने लेन्स उलटसुलट करून पाहिली. "मॅडम, ह्यात ऑटोफोकस नाही येणार."

"माहितीय."

"झूम पण नाही."

"माहितीय हो."

"मग हे सगळं कशासाठी?"

"काकूला विचारा," म्हटलं, आणि रिंग घेऊन बाहेर पडले.

बाहेरच लेन्स लावली, बटण दाबलं. कॅमेरा ढिम्म! स्क्रीनवर लिहून आलं, लेन्स बसवलेली नाही. अरे गधड्या, नाकावर अर्धा किलोचं ओझं घेऊन उभा आहेस आणि लेन्स नाही म्हणतोस? तर मंडळी, टीप लिहून घ्या. मेनूत शोधा, 'लेन्सशिवाय शटर' अशा अर्थाचं काहीतरी असतं, ते चालू करा. जुन्या लेन्सला नवा कॅमेरा ओळखत नाही, त्याला समजवावं लागतं. मला हे सापडेपर्यंत समोरच्या उसाच्या रसवाल्याकडे दोन ग्लास झाले होते.

पुढचा प्रवास मात्र सुखाचा. अंधेरी पश्चिमेला मेट्रो पकडायची, डहाणूकरवाडीला उतरायचं. थंडगार, स्वस्त, आणि बसायला जागा. तिथून रिक्षा केली की पाच-दहा मिनिटांत चारकोप.

काकू जांभळी साडी, पावडर, गजरा अशी जय्यत तयार. आधी घावणे खायला घातले, ओल्या खोबऱ्याची चटणी अशी की फोटोबिटो गेला खड्ड्यात. मग ती दारात खुर्ची टाकून बसली, मी आत उभी राहिले आणि वाट लागली. ही लेन्स लांबचं जवळ दाखवते. मला दिसत होती फक्त काकूची कुडी आणि अर्धा कान.

मग बाहेर गेले आणि गल्लीतून तिच्याकडे वळले. आता नुसतं तोंड. मागे सरकले, अजून मागे, आणि पाठ समोरच्या घराच्या दारावर आपटली. ते घर मंदामावशीचं. ती आत बांगडे तळत होती.

"आत ये गं, पार ओट्याला टेक," ती म्हणाली. "तुझा काका तिथंच उभा राहायचा. ह्या गल्लीतले सगळे फोटो माझ्या ओट्यावरनं काढलेत त्याने. भात किती वेळा करपवला माझा!"

ओट्याला टेकले. आता काकू दारासकट बरोबर चौकटीत. एका घरातल्या माणसाचा फोटो काढायला दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरायचं, असली ही लेन्स!

"मग काकूचा का नाही काढला?" मी विचारलं.

"यायचा की काढायला! पण ही दारात बसली रे बसली की माझ्याशी भांडण चालू. कधी पाणी, कधी कुंड्या. तो म्हणायचा, हलायची थांबली की काढतो. थांबलीय कधी?"

खरंय. फोकस हाताने फिरवावा लागतो, तेवढ्यात माणूस हलला की गेला. माझे पहिले तीन फोटो तोरणाचे आले. चौथ्याला काकू अशी ताठ बसली होती, जणू आधार कार्डाच्या रांगेत. माझ्या कानामागून मंदामावशी ओरडली, "शाले, हस जरा! मेल्यासारखी काय बसलीस?"

"तू मर गो आदी! मगे मी हसतंय!" काकू ओरडली आणि स्वतःच फिस्सकन हसली. मी बटण दाबलं.

मग काकू उठून गल्ली ओलांडून आली. "आता हिचो काढ. माझ्या ओट्यावरसून." मंदामावशीला पदर सावरायलाही वेळ मिळाला नाही. हातात झारा, कपाळावर आठ्या, तशीच आली फोटोत.

रात्री मुलुंडला संगणकावर पाहिले. कडा जरा धूसर, उन्हाचा पिवळट धूर पसरलेला, पण दोघी अगदी जिवंत. मला इतका आनंद झाला की एकटीच ओरडले. दोन्ही फोटो छापून फ्रेम केले आणि काकूचा घेऊन भांडुपला गेले. तिने नीट पाहिला, काच पदराने पुसली आणि परत माझ्या हातात दिला.

"ह्यो मंदाक दी. माका तिचो होयो."

"अगं, एवढा अट्टाहास करून तुझा काढला ना!"

"माझा तोंड मी काय बघू? हय दार उघडलंय की समोर लिफ्ट. लिफ्टवांगडा भांडूचा काय?"

मंदामावशी आता झाऱ्यासकट भांडुपला दारासमोरच्या भिंतीवर आहे. काकू बोरिवलीला, मंदामावशी राहायला गेलीय त्या तिच्या लेकीच्या घरी, ओट्यासमोर. काल मंदामावशीचा फोन आला होता. "तुझी काकू बघ, अजून तोंड मिटत नाही," म्हणाली. मग विचारलं, "आणि तिकडे माझ्याशी भांडते का गं रोज?"